द्राक्षबागेतील जैवविविधता जपण्यासाठी स्मार्ट तंत्रज्ञान कसे वापरावे

लागवडीखालील बहुतेक द्राक्षवाणांची फुले द्विलिंगी असतात आणि त्यांचे परागीभवन मुख्यतः स्वतःच्याच परागकणांनी होते. सफरचंद किंवा बदाम पिकवणाऱ्याला मधमाशी नसेल तर फळही नाही हे पक्के ठाऊक असते. द्राक्ष बागायतदाराला ही निकड जाणवत नाही, आणि त्यामुळे बागेतल्या इतर जीवांकडे त्याचे लक्ष बरेचदा कीड दिसल्यावरच जाते. प्रत्यक्षात तुडतुड्यांच्या अंड्यांत वाढणारी सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी, पिठ्या ढेकूण फस्त करणारे ढालकिडे, रात्री पतंग टिपणारी वटवाघळे आणि ओळींखालची माती भुसभुशीत ठेवणारी गांडुळे ही सारी मंडळी हंगामभर बागेसाठी राबत असतात. किडींच्या मानाने मित्रकीटकांची संख्या कमी असते आणि ती सावरायलाही जास्त वेळ लागतो. म्हणून एका अनावश्यक फवारणीचा सर्वांत मोठा फटका त्यांनाच बसतो.

स्मार्ट तंत्रज्ञानाकडून म्हणूनच एक नेमकी अपेक्षा ठेवावी: कोणती फवारणी टाळता येईल, कोणत्या ओळीतले गवत आणखी काही आठवडे उभे ठेवता येईल आणि बांधावरचे कोणते झुडूप मुळीच तोडू नये, हे त्याने पुराव्यासह सांगावे. ज्या उपकरणाच्या आकड्यांमुळे बागेतला एकही निर्णय बदलणार नाही, ते उपकरण कितीही आकर्षक असले तरी घेऊ नये. पुढची सर्व मांडणी या एका कसोटीवर केलेली आहे.

खरेदीच्या आधी बागेची नोंद

पहिला हंगाम पाहण्यासाठी आणि नोंदण्यासाठी ठेवावा. बागेचा नकाशा करून त्यावर केवळ वेलींचे प्लॉट दाखवून थांबू नये. बांध, झुडपी कुंपण, जुनी झाडे, पाणवठे, दगडी ताली, पडीक तुकडे आणि रात्री दिवे लागतात त्या जागाही दाखवाव्यात, कारण बागेतील जीवांचा मुक्काम बहुधा याच जागांवर असतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांना दशकांपूर्वीच असे आढळले होते, की द्राक्षावरील तुडतुड्यांची अंडी खाऊन वाढणारी अनाग्रस ही गांधीलमाशी हिवाळा बागेत काढत नाही. वेलींची पाने गळाल्यावर ती नदीकाठच्या रानटी ब्लॅकबेरीच्या झुडपांवर दुसऱ्या जातीच्या तुडतुड्यांच्या अंड्यांत तग धरते आणि वसंतात बागेत परतते. बागेच्या हद्दीबाहेरचे एक काटेरी झुडूप हद्दीच्या आतले कीडनियंत्रण ठरवू शकते, ते असे.

नकाशासाठी युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यातील मुख्य प्रकाशपट्ट्यांची स्पष्टता १० मीटर असते आणि दोन उपग्रह मिळून साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. बांधावरची हिरवळ वर्षभर टिकते की उन्हाळ्यात करपते आणि शेजारच्या झाडीशी तिचा पट्टा सलग जुळतो की मध्येच तुटतो, हे त्यावरून चांगले कळते. वेलींची तब्येत मात्र त्यावरून ठरवू नये. दोन ओळींतले अंतर २ ते ३ मीटर असते, त्यामुळे चित्राच्या एकाच चौकोनात वेल, गवत आणि माती मिसळून येतात. एनडीव्हीआय हा निर्देशांक जवळची अवरक्त किरणे आणि लाल किरणे यांच्या परावर्तनातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून काढतात, आणि हिरवे गवत व हिरवी वेल यांतला भेद त्याला कळत नाही. ओळींमध्ये आच्छादन पीक, म्हणजे जमीन झाकणारे गवत किंवा हिरवळ, ठेवणाऱ्या बागायतदाराला ही गोष्ट विसरून चालणार नाही, कारण चित्रात गडद हिरवा दिसणारा प्लॉट प्रत्यक्षात अशक्त वेलींचा असू शकतो. वेलींचे चित्र वेगळे काढायचे असेल, तर काही सेंटिमीटर स्पष्टता देणारा ड्रोन लागतो. पक्ष्यांच्या विणीच्या काळात तो घरट्यांच्या आसपास आणि शिकारी पक्ष्यांच्या वावराच्या भागात उडवू नये.

आवाजावरून बाग ओळखणे

थोड्या साधनांत सर्वाधिक माहिती मिळवायची असेल, तर सुरुवात ध्वनिमुद्रकापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. ऑडिओमॉथसारखे मुक्त आराखड्याचे छोटे ध्वनिमुद्रक तीन साध्या पेन्सिल सेलवर चालतात, ठरवून दिलेल्या वेळी आपोआप चालू-बंद होतात आणि आवाज मेमरी कार्डावर साठवतात. पहाटेची वेळ पक्ष्यांसाठी आणि सूर्यास्तानंतरचे काही तास वटवाघळांसाठी राखून ठेवावेत. येथे एक तांत्रिक बाब नीट समजून घ्यावी: कोणताही आवाज टिपायचा असेल, तर त्याच्या वारंवारितेच्या किमान दुप्पट गतीने नमुने घ्यावे लागतात. पक्ष्यांसाठी ४८ किलोहर्ट्झ गती पुरते. पण बहुतेक वटवाघळांची हाक माणसाला ऐकू येण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे सुमारे २० किलोहर्ट्झच्या वर आणि अनेकदा १०० किलोहर्ट्झपर्यंत असते, म्हणून तेथे २५० ते ३८४ किलोहर्ट्झ गती ठेवावी लागते. एवढ्या गतीने कार्ड झपाट्याने भरते. त्यामुळे दर काही मिनिटांनी थोडा वेळ मुद्रण, असे वेळापत्रक लावावे.

ध्वनिमुद्रक एक बागेच्या मधोमध आणि एक बांधाजवळ, जमिनीपासून सारख्याच उंचीवर आणि तारांच्या खडखडाटापासून दूर बांधावा. दोन्ही ठिकाणी एकाच रात्री मुद्रण झाले तरच तुलना खरी ठरते, कारण वारा, पाऊस आणि चांदणे यांनुसार वटवाघळांची हालचाल बदलते. बागेत काम करणाऱ्यांना मुद्रकाची आधी कल्पना द्यावी. माणसांचे बोलणे त्यात येतेच, आणि ते तपासणीच्या वेळी लगेच पुसून टाकावे.

पक्ष्यांचे आवाज ओळखण्यासाठी कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि जर्मनीतील केम्निट्झ तंत्रविद्यापीठ यांनी विकसित केलेले बर्डनेट वापरता येते. ते मुद्रणाचे ३ सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासमोर पक्ष्याचे नाव आणि ० ते १ यांमधला विश्वासाचा गुणांक देते. तो गुणांक ०.९ आला म्हणजे ओळख नव्वद टक्के बरोबर, असा अर्थ काढू नये. प्रत्येक जातीसाठी तो वेगळ्या रीतीने चुकतो. ठिकाण आणि आठवडा भरून अशक्य जाती आधीच वगळाव्यात, उरलेल्या प्रत्येक जातीचे काही तुकडे स्वतः ऐकावेत आणि जी नावे कानाला पटत नाहीत ती यादीतून काढून टाकावीत. कमी पण खात्रीच्या जातींची यादी पुढच्या वर्षी तुलनेसाठी उपयोगी पडते. लांबलचक पण संशयास्पद यादीचा काहीच उपयोग नसतो.

सापळे आणि भिंग

कॅमेरा बसवलेले कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, चिकट तळाचे छायाचित्र रोज पाठवतात आणि त्यातील पतंग संगणक मोजतो. द्राक्षघडांवरील लोबेसिया बोत्राना या युरोपीय पतंगासारख्या किडींसाठी हे फार उपयुक्त आहे, कारण नर पतंगांचे उड्डाण केव्हा सुरू झाले हे नेमके कळले, की अळ्या बाहेर पडण्याचा काळही अंदाजता येतो. परंतु सापळ्यात पतंग आले म्हणजे फवारणी करायची, असा नियम करू नये. सापळा नर मोजतो; नुकसान अळ्या करतात. म्हणून सापळ्याने इशारा दिला, की घड तपासायला जावे आणि अंडी किंवा अळ्यांचे प्रमाण तेथील कृषी विभागाने ठरवलेल्या आर्थिक नुकसान पातळीच्या वर गेले असेल तरच पुढचे पाऊल उचलावे. सलग मोठे क्षेत्र असेल, तर नर-मादीचे मीलन रोखणारे कामगंधाचे वाहक वेलींवर टांगण्याचा पर्याय कीटकनाशकापेक्षा कितीतरी सौम्य आहे, कारण तो मित्रकीटकांना हातच लावत नाही. तेथे मात्र साध्या कामगंध सापळ्यातली संख्या शून्यावर येते, आणि तिच्यावर विसंबून कीड संपली असे समजू नये.

चिकट सापळ्यांबद्दल थोडी काळजी घ्यावी. पिवळ्या सापळ्यावर तुडतुड्यांबरोबर ढालकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्याही अडकतात. मोजणीसाठी मोजकेच सापळे ठराविक दिवस लावावेत आणि नंतर काढून घ्यावेत. कीड कमी करण्यासाठी बागभर सापळे लावणे जैवविविधतेच्या दृष्टीने उलटे पडू शकते.

या कामात मोबाइलवर बसणारे छोटे मॅक्रो भिंग मला कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा मोलाचे वाटते. पान उलटे करून शिरेच्या कडेला भिंग धरले, की पेशीजालात खुपसलेली तुडतुड्याची अंडी दिसतात. निरोगी अंडे जवळजवळ पारदर्शक असते आणि पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास त्यात डोळ्यांचे दोन तांबडे ठिपके उमटतात. आत अनाग्रस वाढत असेल, तर अख्खे अंडेच विटकरी तांबडे दिसू लागते. पिठ्या ढेकणांच्या बाबतीतही असेच पाहावे: फुगून कडक, तपकिरी झालेले आणि पाठीवर गोल छिद्र असलेले शरीर दिसले, तर त्यातून परोपजीवी कीटक बाहेर पडला आहे हे ओळखावे. दर आठवड्याला ठरलेल्या वेलींवरची अशी छायाचित्रे काढून त्यांतील तांबड्या आणि पारदर्शक अंड्यांचे प्रमाण लिहून ठेवावे. तांबड्यांचे प्रमाण वाढते आहे आणि पिल्ले वाढत नाहीत, असे दिसले तर फवारणी थांबवण्याला याहून चांगला पुरावा नाही. पिठ्या ढेकणांभोवती मुंग्यांची रांग असेल, तर आधी मुंग्यांकडे वळावे. ढेकणांच्या गोड चिकट स्रावासाठी त्या परोपजीवी कीटकांना हुसकावून लावतात, आणि साखरेच्या पाण्यातील मंद आमिषाने मुंग्या कमी केल्या, की मित्रकीटकांना मोकळीक मिळते.

अनोळखी कीटकांची छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकावीत. यंत्राने सुचवलेले नाव तात्पुरते मानावे आणि इतर जाणकारांनी त्यास दुजोरा दिल्यावरच नोंदवहीत घ्यावे.

हवामान केंद्र: टाळलेल्या फवारण्यांचा हिशेब

द्राक्षावर होणाऱ्या फवारण्यांचा मोठा वाटा केवडा आणि भुरी या दोन बुरशीजन्य रोगांसाठी असतो, त्यामुळे सर्वाधिक बचतही येथेच होऊ शकते. बागेतील हवामान केंद्रात तापमान, सापेक्ष आर्द्रता, पाऊस आणि पानावरील ओलावा मोजणारे सेन्सर असावेत. यांपैकी ओलाव्याचा सेन्सर कुठे लावला यावर सारे अवलंबून असते: तो उघड्या खांबावर न लावता कॅनॉपीच्या, म्हणजे वेलीच्या पानाफांद्यांच्या छत्राच्या आत, घडांच्या उंचीवर आणि किंचित तिरका बसवावा, म्हणजे त्याच्यावर दव साचते आणि वाळते ते पानांसारखेच. बाग उताराची असेल, तर खालच्या दमट कोपऱ्यात एक आणि वरच्या मोकळ्या भागात एक अशी किमान दोन केंद्रे हवीत. एका केंद्राच्या आकड्यांवर सबंध बागेला फवारणे म्हणजे अर्ध्या बागेला विनाकारण औषध देणे.

केवड्याच्या पहिल्या लागणीसाठी इटलीत रूढ झालेला ‘तीन दहांचा’ नियम अजूनही सुरुवातीला उपयोगी पडतो: तापमान किमान १० अंश सेल्सियस, नव्या फुटींची लांबी किमान १० सेंटिमीटर आणि एक-दोन दिवसांत किमान १० मिलिमीटर पाऊस, या तिन्ही अटी एकत्र आल्याशिवाय पहिल्या लागणीची शक्यता कमी समजतात. हा नियम ढोबळ आहे, आणि उष्ण प्रदेशात तापमानाची अट सहज पूर्ण होत असल्याने तेथे पाऊस व ओलाव्याच्या तासांवरच भर द्यावा लागतो.

भुरीसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत तयार झालेला गुब्लर-थॉमस निर्देशांक अधिक नेमका आहे. त्यात कॅनॉपीतील तापमान २१ ते ३० अंशांदरम्यान सलग ६ तास किंवा अधिक राहिले, तर त्या दिवसाला २० गुण मिळतात. असे सलग तीन दिवस आले, की निर्देशांक खऱ्या अर्थाने सुरू होतो. त्यानंतर ६ तासांची अट पूर्ण न झालेल्या दिवशी १० गुण वजा होतात, आणि पारा ३५ अंशांवर किमान १५ मिनिटे टिकला, तरीही १० गुण वजा होतात, कारण तेवढी उष्णता बुरशीला मानवत नाही. निर्देशांक ० ते १०० यांमध्येच राहतो. तो ३० किंवा त्याहून कमी असेल तर दोन फवारण्यांमधले अंतर लेबलने दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत वाढवता येते, आणि ६० किंवा त्याहून वर गेला तर ते कमी करावे लागते. दिनदर्शिका पाहून ठराविक दिवसांनी फवारणाऱ्या बागायतदाराने हा निर्देशांक एक हंगाम केवळ शेजारी लिहून ठेवावा आणि हंगामाच्या शेवटी कोणत्या फवारण्या निर्देशांक कमी असताना झाल्या ते मोजावे. पुढच्या वर्षी तेवढ्याच फवारण्या, त्याही एका प्लॉटवर, वगळून पाहाव्यात. सगळ्या बागेवर एकदम प्रयोग करणे धोक्याचे आहे. एका प्लॉटवर केल्यास चूक झाली तरी नुकसान आटोक्यात राहते.

बोर्डो मिश्रणासारखी ताम्रयुक्त औषधे सेंद्रिय बागेतही चालतात म्हणून ती निरुपद्रवी समजली जातात. तांबे हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही; ते मातीच्या वरच्या थरात साचत जाते आणि गांडुळांना बाधते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोग्रॅम तांबे अशी मर्यादा घातली, ती याच चिंतेतून. फवारणीच्या डिजिटल नोंदवहीत औषधाच्या नावाबरोबर शुद्ध तांब्याचे वजनही लिहावे, म्हणजे वर्षागणिक बेरीज समोर राहील.

फवारा नेमका वेलीवर

फवारणी करावीच लागली, तर औषध बांधावर आणि फुललेल्या गवतावर जाऊ नये यासाठी तंत्रज्ञानाची खरी मदत होते. अल्ट्रासोनिक किंवा लेसर सेन्सर असलेले ब्लोअर (हवेच्या झोताने फवारणारी यंत्रे) वेलींमधली मोकळी जागा ओळखून तेथे नोझल बंद करतात. कॅनॉपी विरळ असलेल्या हंगामाच्या सुरुवातीला याचा लाभ सर्वांत जास्त होतो. हवा मिसळून मोठे थेंब तयार करणारे नोझल वापरावेत, कारण साधारण १५० मायक्रॉनपेक्षा लहान थेंब वाऱ्यावर दूर वाहून जातात. हवामान केंद्रावरील वाऱ्याचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर थांबावेच. पण पूर्ण निवांत पहाटही सुरक्षित नसते, कारण जमिनीलगत थंड हवेचा थर अडकलेला असल्यास बारीक तुषार त्यात तासन्‌तास तरंगत राहतात आणि भलतीकडेच उतरतात. मधमाश्या द्राक्षासाठी अनिवार्य नसल्या, तरी त्या ओळींमधल्या फुलांवर येतात. म्हणून फुललेले गवत असेल तेव्हा मधमाश्यांची ये-जा थांबल्यावर, म्हणजे संध्याकाळी उशिरा फवारावे.

ओळींमधली हिरवळ आणि पाणी

आच्छादन पिकाला होणारा विरोध बहुधा पाण्याच्या भीतीपोटी असतो, आणि ती भीती कोरड्या प्रदेशात रास्तही आहे. तेथे वाद घालण्यापेक्षा मोजावे. आच्छादन असलेल्या आणि नसलेल्या ओळीत, मुळांच्या वरच्या व खालच्या अशा दोन थरांत मातीतील ओलाव्याचे सेन्सर बसवावेत. लोरावॅनसारख्या कमी ऊर्जेच्या रेडिओ जाळ्यावर असे सेन्सर मोकळ्या जागेत काही किलोमीटरवरून माहिती पाठवतात आणि त्यांची बॅटरी दीर्घकाळ टिकते. वापरायची वारंवारिता त्या त्या देशाच्या नियमांप्रमाणे घ्यावी. खालच्या थरातला ओलावा दोन्ही ओळींत सारखाच उतरत असेल, तर गवत वेलीचे पाणी पळवत नाही असे म्हणता येते. तो आच्छादनाच्या ओळीत लवकर उतरू लागला, तर त्या दिवसांत कापणी करावी, पण एकाआड एक ओळ. सगळ्या ओळी एकाच दिवशी कापल्या, तर मित्रकीटकांना आसराही उरत नाही आणि परागही मिळत नाहीत. वेलीच्या बुंध्याजवळ तणनाशकाऐवजी खोड ओळखून बाजूला सरकणारे यांत्रिक अवजार वापरावे आणि ते वरवर चालवावे. खोल गेल्यास जमिनीत घरटी करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांचे बिऱ्हाड मोडते.

पक्षी: हुसकावणे की बोलावणे

घड गोड होऊ लागले, की पक्ष्यांविरुद्ध मोठ्या आवाजाची यंत्रे सुरू होतात. ती फळ खाणाऱ्यांबरोबर कीटक खाणाऱ्यांनाही पळवतात आणि पक्ष्यांना त्यांची लवकरच सवय होते. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागातील द्राक्षबागांत संकटग्रस्त स्थानिक ससाण्याला आणून सोडल्यावर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ससाणे असलेल्या बागांमध्ये पक्ष्यांनी तोडून नेलेले मणी इतर बागांच्या तुलनेत ९५ टक्क्यांनी कमी आढळले. दुर्मिळ पक्षी आणि पीक दोघांचेही एकदम भले झाल्याचे असे उदाहरण विरळा. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात गव्हाणी घुबडांसाठी बागांत पेट्या लावतात. संशोधकांनी पेट्यांत अवरक्त कॅमेरे आणि घुबडांवर जीपीएस बसवून ती काय खातात आणि कुठे शिकार करतात हे तपासले आहे. अशी पेटी लावणाऱ्याने उंदरांसाठी रक्त पातळ करणारी विषे बंद करावीत, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पिल्लांच्या पोटात जातो. कॅमेरा पेटी रिकामी असताना बसवावा. अंडी घातल्यावर पेटी उघडू नये. बागेतील दिवे गतिसंवेदकावर आणि खाली झुकलेले ठेवावेत व त्यांचा प्रकाश पिवळसर असावा, म्हणजे पतंग आणि त्यांच्यामागे येणारी वटवाघळे यांचे वेळापत्रक बिघडणार नाही.

नोंदी आणि पडताळा

सर्व उपकरणांची माहिती एकाच तक्त्यात आणावी: तारीख, प्लॉट, हवामानाचा निर्देशांक, सापळ्यातील संख्या, तांबड्या अंड्यांचे प्रमाण, केलेली कृती आणि मुद्दाम न केलेली कृती. शेवटचा रकाना बहुतेक तयार सॉफ्टवेअरमध्ये नसतो. तो स्वतः जोडावा, कारण टाळलेली फवारणी कुठेही लिहिली गेली नाही तर तिचा परिणाम कधीच तपासता येत नाही. माहिती साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येईल, अशीच सेवा निवडावी, नाहीतर कंपनी बदलताना सगळ्या वर्षांच्या नोंदी मागे राहतात. वर्षातून एकदा, त्याच महिन्यात आणि त्याच जागी, २० सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचा मातीचा ठोकळा काढून त्यातली गांडुळे हाताने मोजावीत आणि तो आकडाही तक्त्यात भरावा.

तुलनेसाठी एक प्लॉट तीन हंगाम तरी जुन्याच पद्धतीने चालवावा. पावसाचे वर्ष आणि कोरडे वर्ष यांत पक्षी व कीटकांची संख्या आपोआपच बदलते, त्यामुळे शेजारचा जुन्या पद्धतीचा प्लॉट नसेल, तर वाढ उपायांमुळे झाली की हवेमुळे, हे सांगता येत नाही. तीन हंगामांनंतर दोन्ही प्लॉटमधील फवारण्यांची संख्या, वटवाघळांच्या नोंदी, परोपजीवीग्रस्त अंड्यांचे प्रमाण आणि उत्पादन शेजारी शेजारी मांडावे, आणि ज्या सेन्सरचा आकडा या काळात एकाही निर्णयासाठी पाहिला गेला नाही, तो काढून जेथे अजून काहीच मोजलेले नाही अशा बांधाकडे हलवावा.